क्लब बुडतो म्हणजे नेमकं काय होतं? रेंजर्सच्या थकलेल्या कराची गोष्ट

माझा भाचा ग्लासगोला शिकायला गेला आणि शिक्षण संपल्यावर तिथंच नोकरीला लागला. कोल्हापूरचा मुलगा, त्यामुळे फुटबॉल अंगात मुरलेला. पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की शाहू स्टेडियमवर दोन तास आधी जाऊन जागा धरणारा. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. सेल्टिक आणि रेंजर्स हे ग्लासगोचे दोन कट्टर प्रतिस्पर्धी फुटबॉल क्लब. ऑफिसात सेल्टिकच्या एका चाहत्यानं रेंजर्सच्या चाहत्याला तोंडावर सांगितलं होतं, "तुमचा क्लब २०१२ सालीच मेला." त्यावरून दोघांत असं जुंपलं की मॅनेजरला मध्ये पडावं लागलं.

"मामा, रेंजर्स तर दर आठवड्याला खेळतात. टीव्हीवर दिसतात. मग मेला म्हणजे काय? आणि कर थकला म्हणून अख्खा क्लब मरतो कसा हो?"

मी कर सल्लागार आहे. बावीस वर्षं लोकांची टीडीएसची रिटर्न भरतोय. तरी या प्रश्नाचं उत्तर फोनवर पाच मिनिटांत देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. हा प्रश्न एकट्या रेंजर्सचा नाही. ब्रिटनमध्ये अधूनमधून कुठल्या तरी क्लबची अशी बातमी येतेच. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये शेफिल्ड वेनस्डे या जुन्या क्लबवर प्रशासक आले, त्यांचे १२ गुण कापले गेले. असं झालं की त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबचे चाहते आकडेमोड करत बसतात: कर किती थकलाय, बुडतील का, बुडाले तर आपलं काय? पण एवढा इतिहास असलेला, एवढा मोठा क्लब खरोखर बुडाल्याचं उदाहरण रेंजर्सचंच.

## आधी क्लब आणि कंपनी वेगळी करू

रेंजर्स १८७२ मध्ये चार पोरांनी ग्लासगोत सुरू केला. तेव्हा कंपनी-बिंपनी काही नव्हती, आपल्या तालमीसारखी मंडळी जमली आणि खेळायला लागली. १८९९ मध्ये क्लबची रीतसर कंपनी झाली. तेव्हापासून आयब्रॉक्सचं मैदान, खेळाडूंचे करार, तिकिटांचा पैसा आणि कर्ज, सगळं या कंपनीच्या नावावर.

आपल्याकडं साखर कारखान्याचं जसं असतं तसंच हे. कारखाना म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्यात चिमणी, गव्हाण, गावाचं नाव. कायद्याच्या डोळ्यांना मात्र दिसते ती फक्त संस्था, जिच्या नावावर बँकेचं कर्ज आणि उसाची थकलेली बिलं आहेत. संस्था अवसायनात गेली, कारखाना लिलावात दुसऱ्यानं घेतला, पुढच्या हंगामात चिमणीतून पुन्हा धूर निघाला. आता हा जुनाच कारखाना की नवा? ज्याची बिलं बुडाली तो शेतकरी एक उत्तर देईल आणि ज्याला पुन्हा काम मिळालं तो कामगार दुसरं.

दोन शब्द इथंच समजून घेऊ. 'प्रशासक' येतो तेव्हा संस्था आजारी असते. मालकाच्या हातून कारभार काढून प्रशासक ती वाचते का ते पाहतो. 'अवसायन' म्हणजे वाचवणं संपलं. आता जे आहे ते विकायचं, देणेकऱ्यांत वाटायचं आणि संस्था कायमची बंद करायची. रेंजर्सवर २०१२ च्या फेब्रुवारीत प्रशासक आले आणि ३१ ऑक्टोबरला अवसायक.

## पगारातून कापलेला पैसा कुणाचा?

भाच्याला म्हटलं, तुझी पगाराची चिठ्ठी पाठव. त्यानं फोटो पाठवला. डावीकडं पगार. उजवीकडं कपाती: पहिल्या ओळीत आयकर, दुसऱ्या ओळीत 'नॅशनल इन्शुरन्स', जो साधारण आपल्या पीएफ-ईएसआयच्या जागी बसतो. खाली हातात पडलेली रक्कम. या पद्धतीला तिथं 'पे ॲज यू अर्न' म्हणतात: कमवाल तसा कर भरत जा. म्हणजे आपला टीडीएसच. मालकानं दर महिन्याला तो कापायचा आणि पुढच्या महिन्याच्या २२ तारखेपर्यंत एचएमआरसीकडं, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडं भरायचा.

आता त्या उजवीकडच्या दोन ओळी नीट बघा. तो पैसा कंपनीचा नाही. भाच्यानं घाम गाळून कमावलेला आहे. त्याच्या हातात यायच्या आधीच तो काढून घेतला, कारण तो सरकारकडं जायचा आहे. मधल्या काही दिवसांत तो कंपनीच्या खात्यात पडून असतो एवढंच. शेजाऱ्यानं वीजबिल भरायला तुमच्याकडं पैसे दिले आणि तुम्ही त्यातून घरचा किराणा भरला, तर त्याला कुणी उधारी म्हणणार नाही. आपल्याकडं कापलेला टीडीएस न भरणं हा गुन्हा आहे, त्यात तुरुंगवास होऊ शकतो. तरी दर वर्षी माझ्यासमोर कुणीतरी मालक बसतो आणि म्हणतो, "जरा अडचण होती, वापरले." त्याच्याकडच्या कामगाराला तो कर भरलाच नसल्याचं वर्षभरानं कळतं, स्वतःचं रिटर्न भरताना.

रेंजर्सच्या गोष्टीत याच दोन ओळी लक्षात ठेवायच्या.

## मोठी करकेस: पगार की हातउसने?

रेंजर्सचा कर म्हटलं की चाहत्यांच्या तोंडी येते ती 'बिग टॅक्स केस'. ती अशी.

१९८८ मध्ये डेव्हिड मरे या उद्योगपतीनं क्लब विकत घेतला. पुढं क्लबनं सलग ९ वेळा लीग जिंकली, मोठमोठे खेळाडू आणले. खर्च अफाट वाढला. २००१ च्या आसपास मरे यांच्या उद्योगसमूहानं एक रचना वापरायला सुरुवात केली: कर्मचाऱ्यांच्या भल्यासाठीचा ट्रस्ट. नाव ऐकायला चांगलं. क्लबकडून पैसे जर्सी बेटावरच्या ट्रस्टमध्ये जायचे. तिथं प्रत्येक खेळाडूच्या कुटुंबासाठी एक पोटट्रस्ट. त्यातून खेळाडूला 'कर्ज' मिळायचं. कर्जावर आयकर नसतो. कर्ज परत कधी करायचं? प्रत्यक्षात कुणी मागणारच नव्हतं.

गावाकडच्या भाषेत सांगतो. मालक म्हणाला, तुझा पगार कागदावर ५० हजार. वरचे ५० हजार तुझ्या बायकोच्या नावानं काढलेल्या पेटीत टाकतो, त्यातून तू हातउसने घेत जा. परत द्यायची घाई नाही. शिवाय याची एक वेगळी चिठ्ठी लिहून देतो, पण ती मूळ कराराला जोडायची नाही. रेंजर्समध्ये या वेगळ्या चिठ्ठ्यांना 'साइड लेटर' म्हणत आणि त्या फुटबॉल संघटनेकडं नोंदवलेल्या नव्हत्या. वर्षानुवर्षं मिळून ४ कोटी ७० लाख पौंडांच्या आसपास रक्कम या वाटेनं गेली.

प्रतिस्पर्ध्याला याचा राग का यावा? हिशेब करून बघा. खेळाडूच्या हातात १,००० पौंड पडायचे असतील आणि कर ४० टक्के असेल, तर सरळ मार्गानं क्लबला सुमारे १,६६७ पौंड पगार द्यावा लागतो. ट्रस्टच्या वाटेनं काम हजारात होतं. वाचलेल्या पैशात आणखी एक बरा खेळाडू येतो. म्हणजे कराचा कागद थेट मैदानावर उतरतो. आणि याच काळात, २००३ मध्ये, सेल्टिक आणि रेंजर्स दोघांचे ९७ गुण झाले. लीगचा निकाल गोलफरकावर लागला, तोही एका गोलानं: रेंजर्स ७३, सेल्टिक ७२. २००५ मध्ये पुन्हा एका गुणानं. सेल्टिकचा चाहता वीस वर्षांनंतरही करावरून भांडतो, तो त्या एका गोलासाठी. खुन्नस म्हणजे काय ते ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

कर खात्यानं या ट्रस्टवरून व्याज-दंडासकट मागणी लावली. तिचा अंदाज सात-साडेसात कोटी पौंडांपर्यंत गेला. प्रकरण लवादापुढं गेलं. निकाल लागला नव्हता. पण ज्या घरावर एवढा दावा टांगलेला आहे ते घर चांगला, पैसेवाला माणूस विकत घेत नाही. मरे क्लब विकायला काढून बसले आणि वर्षं गेली.

## एका पौंडात क्लब

शेवटी गिऱ्हाईक मिळालं. ६ मे २०११ रोजी क्रेग व्हाइट या व्यावसायिकानं मरे यांचा ८५ टक्के हिस्सा १ पौंडाला घेतला. अट एकच महत्त्वाची: बँकेचं सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांचं कर्ज फेडायचं. ते फिटलंही. चाहत्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

पैसा कुठून आला ते नंतर कळलं. पुढच्या काही हंगामांची सीझन तिकिटं टिकेटस नावाच्या कंपनीला आधीच विकून २ कोटी ४० लाखांहून जास्त रक्कम उभी केली होती. मोहोर यायच्या आधीच बागेचे पुढच्या तीन-चार वर्षांचे आंबे व्यापाऱ्याला विकायचे, आणि त्याच पैशातून ती बाग ताब्यात घ्यायची, असा हा व्यवहार. बाग तर हातात आली, पण पेटीला पेटी व्यापाऱ्याच्या घरी जाणार. मग खतपाण्याला, गड्याच्या मजुरीला पैसा कुठून आणायचा?

त्यातच संघ ऑगस्टमध्ये युरोपातल्या दोन्ही स्पर्धांतून बाहेर पडला. ज्या उत्पन्नाच्या भरवशावर वर्ष काढायचं ते गेलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. व्हाइट यांच्यावर या खरेदीवरून फसवणुकीचा खटला चालला आणि २०१७ मध्ये ज्युरीनं त्यांना निर्दोष ठरवलं. त्याआधी २०१४ मध्ये न्यायालयानं त्यांना १५ वर्षं कंपनीचं संचालक होण्यास बंदी केली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

## खरा घाव कुठं बसला

आता पगाराच्या चिठ्ठीवरच्या त्या दोन ओळींकडं परत या.

नवा मालक आल्यावर काही महिन्यांतच क्लबनं पगारातून कापलेला कर भरणं थांबवलं. व्हॅटही थकला. खेळाडू, माळी, तिकीटखिडकीवरचे लोक, सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर कपात दिसत होती. कर खात्यात मात्र काही जमा होत नव्हतं. फेब्रुवारी २०१२ पर्यंत ही रक्कम सुमारे ९० लाख पौंड झाली. कर खातं वसुलीसाठी न्यायालयात गेलं आणि १४ फेब्रुवारीला क्लबनंच आपल्या पसंतीचे प्रशासक नेमून घेतले. संघाचे १० गुण गेले, लीगची शर्यत तिथंच संपली. पुढं बड्या खेळाडूंनी पगारात ७५ टक्क्यांपर्यंत कपात सोसली, म्हणून इतरांच्या नोकऱ्या टिकल्या.

बहुतेक लोक म्हणतात, ट्रस्टच्या मोठ्या केसनं क्लब बुडवला. मला हे अर्धंच बरोबर वाटतं. त्या केसच्या सावलीमुळं चांगलं गिऱ्हाईक आलं नाही, हे खरं. पण ज्या दिवशी प्रशासक दारात आले, त्या दिवशी मोठ्या केसचा एक पौंडही देय ठरलेला नव्हता. क्लब कोसळला तो महिन्याच्या महिन्याला कापलेल्या आणि न भरलेल्या साध्या करानं. कुठल्याही गल्लीतल्या वर्कशॉपचं जसं होतं, तसंच. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण अशा प्रकरणात सगळे मोठ्या, गुंतागुंतीच्या आकड्याकडं बघत राहतात आणि आजाराची खरी खूण छोट्या, रोजच्या आकड्यात असते. कुठल्या क्लबची तब्येत तपासायची असेल तर तो पगाराचा कर वेळेवर भरतोय का, एवढं आधी बघावं.

## कर खात्यानं थोडं सोडलं असतं तर?

रेंजर्सच्या चाहत्यांचा हा सगळ्यात मोठा आक्षेप, आणि तो मनापासूनचा आहे. एवढ्या जुन्या संस्थेला वाचवता आलं नसतं का?

वाचवायचा मार्ग होता. देणेकऱ्यांशी तडजोड करार: रुपयातले काही पैसे घ्या, बाकी सोडा, कंपनी चालू राहू द्या. आपल्या पतसंस्थांत एकरकमी परतफेड होते त्याच्या जवळचा प्रकार. त्याला मूल्यानं ७५ टक्के देणेकऱ्यांची संमती लागते. क्लब घ्यायला पुढं आलेल्या चार्ल्स ग्रीन यांच्या गटानं असा प्रस्ताव ठेवला होता. पण एकूण देणी १३ कोटी ४० लाख पौंडांपर्यंत जातील असा प्रशासकांचा अंदाज होता आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कर खात्याचा. म्हणजे त्यांचं एकट्याचं 'नाही' पुरेसं होतं. १२ जून २०१२ ला त्यांनी 'नाही' जाहीर केलं. आपल्या हिश्श्याला पौंडात काही पेन्स येणार, आणि अवसायक नेमला तर आधीच्या कारभाराची चौकशी तरी होईल, असा त्यांचा विचार होता.

मला तो पटतो. कर खातं एका क्लबला कापलेला कर माफ करतं, तर दर महिन्याला २२ तारखेच्या आत भरणाऱ्या दुसऱ्या क्लबनं काय समजायचं?

आणि देणेकऱ्यांची ती यादी बघा. ती प्रसिद्ध झाली तेव्हा मी वाचली होती. माझ्या व्यवसायात अशा याद्या हातातून जातात, पण तिच्यातली नावं विसरता येत नाहीत. कर खातं आणि टिकेटस वर होतेच. खाली स्कॉटलंडची रुग्णवाहिका सेवा. दुसरे फुटबॉल क्लब, ज्यांच्याकडून खेळाडू घेऊन हप्ते थकवले होते. सेल्टिकचेही ४० हजार पौंड. पोरांच्या चेहऱ्यावर सामन्याच्या दिवशी रंग लावणारी एक व्यक्ती, तिचे थकलेले ४० पौंड. आणि रेंजर्सचे स्वतःचे चाहते: नव्वदच्या दशकात स्टँडवर मजला चढवायला त्यांनी हजार-दीड हजार पौंडांची रोखेखरेदी केली होती. ते पैसे याच यादीत अडकले. क्लबवर सर्वांत जास्त प्रेम करणारेच देणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभे होते. मोठे देणेकरी अशा प्रसंगासाठी वकील ठेवतात. चेहरे रंगवणाऱ्याकडं वकील नसतो.

रांगेबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. २००३ पर्यंत ब्रिटनमध्ये कर खात्याला या रांगेत पुढची जागा होती. ती काढून घेतली, म्हणून २०१२ मध्ये ते सामान्य देणेकऱ्यांत होते. डिसेंबर २०२० पासून ती जागा काही अंशी परत दिली. काही अंशी म्हणजे कशासाठी? पगारातून कापलेला कर आणि गिऱ्हाइकाकडून घेतलेला व्हॅट, एवढ्यासाठीच. कंपनीच्या स्वतःच्या नफ्यावरच्या करासाठी नाही. शेजाऱ्याच्या वीजबिलाचा पैसा आणि स्वतःच्या वीजबिलाचा पैसा यातला फरक आता कायद्यानंही मान्य केला आहे.

## "पण कोर्टात रेंजर्स जिंकले होते!"

हो, जिंकले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये लवादानं दोन विरुद्ध एक मतानं निकाल दिला की ट्रस्टमधून दिलेली ती कर्जंच होती, बहुतांश रकमेवर कर लागत नाही. कंपनी अवसायनात जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्या दिवशी रेंजर्सच्या घराघरांत काय वाटलं असेल? ज्या दाव्याच्या भीतीनं घर विकलं, तो दावाच टिकला नाही.

पण गोष्ट तिथं संपली नाही. २०१४ च्या अपिलातही क्लबची बाजू टिकली. २०१५ मध्ये स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयानं निकाल फिरवला. ५ जुलै २०१७ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की कामाचा मोबदला म्हणून दिलेला पैसा हा पगारच. तो कुणाच्या हातात पडला यानं फरक पडत नाही. ट्रस्टमध्ये टाकला त्याच क्षणी त्यावर कर लागला. एवढ्या कागदांनंतर निकाल इतका साधा निघाला.

फुटबॉलच्या बाजूनं वेगळी चौकशी झाली होती. २०१३ मध्ये एका माजी न्यायाधीशाच्या समितीनं साइड लेटर न नोंदवल्याबद्दल जुन्या कंपनीला अडीच लाख पौंड दंड केला. विजेतेपदं मात्र काढली नाहीत. २०१७ च्या निकालानंतर सेल्टिककडून पुन्हा चौकशीची मागणी झाली, पण चौकशी उघडली गेली नाही. माझ्या मते पदकं काढून कुणालाच ती संध्याकाळ परत मिळत नाही. पण चौकशी पुन्हा व्हायला हवी होती, कारण पहिली झाली तेव्हा कायद्याचं शेवटचं उत्तर आलेलं नव्हतं.

## "सगळेच क्लब हे करतात"

सगळे नाही. सेल्टिकनंही एका खेळाडूसाठी असा ट्रस्ट वापरला होता. नंतर कर खात्याशी बोलून कर भरून टाकला. अडचणीत येणंही नवं नाही. मार्च १९९४ मध्ये सेल्टिक स्वतः बुडायच्या बेतात होता, बँकेनं दिलेली मुदत संपायला काही मिनिटं असताना उद्योगपती फर्गस मॅककॅन पैसे घेऊन पोचले म्हणून वाचला. एडिनबराच्या हार्ट्सवर २०१३ मध्ये प्रशासक आले. तिथं लिथुएनियातल्या मोठ्या देणेकऱ्यांनी तडजोड मान्य केली, चाहत्यांनी महिन्याला थोडे थोडे पौंड जमा केले आणि २०२१ मध्ये बहुसंख्य हिस्सा चाहत्यांच्या संस्थेकडं आला. हार्ट्सची कंपनी जुनीच राहिली. फरक एवढाच पडला की 'हो' म्हणू शकणारा मोठा देणेकरी तिथं 'हो' म्हणाला.

## प्रतिस्पर्ध्यांच्या हाती काय लागलं?

जून २०१२ मध्ये ग्रीन यांच्या नव्या कंपनीनं मैदान, नाव, चिन्ह, सगळं ५५ लाख पौंडांना घेतलं. आता या संघाला खेळवायचं कुठं? वरच्या लीगच्या अध्यक्षांना टीव्हीच्या कराराची चिंता होती. रेंजर्स-सेल्टिक सामने नाहीत तर करार किती राहणार? स्कॉटिश फुटबॉलचे पदाधिकारी उघडपणे इशारे देत होते की पैशाअभावी सगळा खेळच कोलमडेल.

इथं चाहत्यांनी इतिहास घडवला. ॲबर्डीन, डंडी युनायटेड, हार्ट्स, सगळीकडच्या चाहत्यांनी आपापल्या क्लबला कळवलं: नव्या कंपनीला थेट वर घेतलंत तर आम्ही सीझन तिकीट घेणार नाही. ४ जुलैला मतदान झालं. १० क्लब विरोधात, एक तटस्थ, बाजूनं फक्त रेंजर्स. मग खालच्या लीगच्या ३० पैकी २५ क्लबांनी ठरवलं: सुरुवात सर्वांत खालच्या, चौथ्या पायरीवरून.

खेळ कोलमडला नाही. सेल्टिकनं ७ नोव्हेंबरला, रेंजर्सवर अवसायक आल्यावर आठवडाभरानं, बार्सिलोनाला २-१ हरवलं. पण वर्षाला चार वेळा शहर थांबवणारा सामना गेला. २०१२ ते २०२० सेल्टिकनं सलग ९ लीग जिंकल्या, त्यातल्या चार हंगामांत समोर रेंजर्स नव्हतेच. पेठेपेठेतल्या तालमींच्या सामन्यांवर वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. समोरची तालीम नसेल तर आपलीही गर्दी पातळ होते.

आणि दुसरीकडं चौथ्या पायरीवरच्या सामन्यांना आयब्रॉक्समध्ये ४९ हजार लोक येऊन बसत होते. ईस्ट स्टर्लिंगशायरसारख्या छोट्या गावच्या संघाविरुद्ध. त्या लोकांनी ना ट्रस्ट काढला होता, ना साइड लेटर लिहिलं होतं.

## मग मेला की जिवंत आहे?

भाच्याचा मूळ प्रश्न. १८९९ ची कंपनी संपली, यावर वाद नाही. तिचं नाव बदललं, अवसायक आले, देणी तिच्यासोबत राहिली. क्लबच्या बाबतीत लीग आणि संघटना म्हणतात की कंपनी बदलली, क्लब तोच. २०२१ मध्ये रेंजर्सनं लीग जिंकली तेव्हा ती ५५ वी मोजली गेली. सेल्टिकचा चाहता विचारतो: विजेतेपदं सोबत आली तर त्या ४० पौंडांची उधारी का नाही आली? प्रश्न रास्त आहे. रेंजर्सचा चाहता म्हणतो: मी त्याच खुर्चीवर बसतो, जिथं माझे आजोबा बसायचे. हेही खोटं नाही. कायद्यानं दोघांनाही पूर्ण उत्तर दिलेलं नाही, म्हणून ऑफिसातलं भांडण चालू राहील.

मी भाच्याला एक काम सांगितलं. ग्लासगोच्या दक्षिण भागात कॅथकिन पार्क आहे, रविवारी तिथं जाऊन ये म्हटलं. थर्ड लॅनार्क नावाचा क्लब तिथं खेळायचा. तोही १८७२ चाच, रेंजर्सच्या वयाचा. १९०४ मध्ये लीग जिंकलेला. १९६१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर, हंगामात १०० गोल. सहा वर्षांनी, १९६७ मध्ये, कारभार असा बिघडला की कंपनी अवसायनात गेली. त्या वेळी नाव आणि मैदान घेऊन पुढच्या हंगामात संघ उतरवणारा कुणी आला नाही.

त्यानं फोटो पाठवलेत. मैदानाच्या तीन बाजूंना प्रेक्षकांच्या सिमेंटच्या पायऱ्या अजून आहेत, लोखंडी कठडेही आहेत. पायऱ्यांमधून झाडं आलीत, चांगली उंच. मध्ये हिरवळीवर काही पोरं दप्तरांचे गोलपोस्ट करून खेळत होती.